पिस्तुलाची ओळख आणि पुराव्याची पत

मुंबई–अहमदाबाद महामार्ग तलासरी तालुक्यातील अच्छाड येथे महाराष्ट्राची हद्द सोडतो. तेथून गुजरातचा वलसाड जिल्हा, दादरा व नगर हवेली आणि दमण हे तिन्ही प्रदेश जवळच्या टप्प्यात येतात. शेजारच्या डहाणू तालुक्यातून पश्चिम रेल्वेचा मुख्य मार्ग जातो आणि त्याला अरबी समुद्राचा किनाराही लाभलेला आहे. जेथे राज्याची हद्द, महामार्ग, लोहमार्ग आणि किनारा एकत्र येतात तेथे व्यापार वाढतो आणि त्याच्या सावलीत चोरटा व्यापारही वाढतो, हा जगभरचा अनुभव आहे. अशा भागातील नाकाबंदीत मद्याच्या खोक्यांबरोबर कधी एखादे पिस्तूलही हाती लागते. ‘एक पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे हस्तगत’ एवढी एक ओळ दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात येते. वाचक ती वाचतो आणि पान उलटतो.

परंतु त्या एका ओळीत जे लिहिलेले नसते, तेच पुढे न्यायालयात निर्णायक ठरते. ते पिस्तूल कोणत्या कारखान्याचे, कोणत्या नमुन्याचे, त्या नमुन्याच्या कोणत्या उपप्रकाराचे, किती मापाचे, त्यावर क्रमांक आहे काय आणि तो कोठे कोठे आहे? हे प्रश्न केवळ शस्त्रांच्या शौकिनांचे आहेत असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः ते न्यायाचे प्रश्न आहेत. वापरलेल्या पिस्तुलाची ओळख नीट पटली तर ते कोठून आले याचा माग लागतो. ती चुकली तर खरा गुन्हेगार सुटतो, किंवा ज्याने ते पिस्तूल कधी हाती धरले नाही त्याच्या गळ्यात ते अडकते. दोन्ही परिणाम सारखेच घातक होत.

मापाचा घोळ

प्रथम शब्दांचा घोळ पाहू. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस नळीत चढवणे ही कामे यंत्र आपोआप करते. बोलण्यात आणि जुन्या कागदपत्रांतही या शस्त्राला सर्रास ‘ऑटोमॅटिक’ म्हटले जाते. चाप दाबून धरला असता गोळ्या अखंड सुटत राहतील असे शस्त्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार निषिद्ध शस्त्र ठरते आणि त्याची शिक्षा अधिक कठोर आहे. म्हणजे एका सैल शब्दाने आरोपाचे स्वरूपच बदलू शकते.

मापाचा घोळ याहून मोठा आहे. ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग आणि .३२ ए.सी.पी. ही एकाच काडतुसाची दोन नावे आहेत, एक युरोपातले आणि दुसरे अमेरिकेतले. परंतु ७.६५ मिलिमीटर पॅराबेलम हे निराळेच काडतूस आहे आणि .३२ मापाच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस तिसरेच. इटालियनांचे ९ मिलिमीटर कोर्तो, जर्मनांचे ९ मिलिमीटर कुर्झ आणि अमेरिकनांचे .३८० ही तिन्ही एकच होत. मात्र ९ मिलिमीटर पॅराबेलम हे अधिक लांब व अधिक शक्तीचे असून ते आपल्या पोलिसांच्या व लष्कराच्या वापरातील आहे. सामान्य नागरिकाला त्या मापाच्या शस्त्राचा साधा परवाना मिळत नाही. तेव्हा पंचनाम्यात नुसते ‘९ एम.एम.’ लिहिले तर दोन भिन्न शस्त्रे एक होतात, आणि एका कागदावर ‘७.६५’ व दुसऱ्यावर ‘.३२’ लिहिले तर एका शस्त्राची दोन शस्त्रे होतात.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत वांद्रे येथे माजी राज्यमंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली तेव्हा पहिल्या दिवसाच्या अनेक बातम्यांत ‘९.९ मिलिमीटर पिस्तूल’ असा उल्लेख होता. अशा मापाचे पिस्तूल प्रचारात नाही. पुढे जी शस्त्रे मिळाली त्यांतील एक ऑस्ट्रियातील ग्लॉक कारखान्याच्या नमुन्याचे असल्याचे सांगण्यात आले. काही बातम्यांत त्या ऑस्ट्रियाचे ऑस्ट्रेलिया झाले. वृत्तपत्रातील चूक दुसऱ्या दिवशी विसरली जाते. तीच चूक पंचनाम्यात शिरली तर दहा वर्षांनी उलटतपासणीत ती वर येते.

ही चूक केवळ आपल्याकडेच होते असे नव्हे. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड मारला गेला आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली. ते पिस्तूल ब्राउनिंगचा १९०० सालचा ७.६५ मिलिमीटरचा नमुना होता असे कितीतरी पुस्तकांतून अनेक दशके छापले गेले. प्रत्यक्षात ते १९१० सालच्या नमुन्याचे, .३८० मापाचे व १९०७४ या क्रमांकाचे होते. २००४ साली ते व्हिएन्नातील संग्रहालयाकडे आले. दोन्ही पिस्तुले बेल्जियममधील एकाच कारखान्याची, एकाच संशोधकाच्या आराखड्यांवर बनलेली; फरक नमुन्याचा आणि मापाचा. तरीही जगाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या गोळीबाराविषयी ही चूक इतकी टिकली. मग तालुक्याच्या ठाण्यात ती होणार नाही, असे कोण म्हणेल?

नाशिक ते दिल्ली

महाराष्ट्राच्या इतिहासात पिस्तुलाच्या ओळखीने प्रकरणाला कलाटणी दिल्याचे ठळक उदाहरण नाशिकचे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडून हत्या केली. वापरलेले शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होते. त्या काळी हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता आणि असे शस्त्र येथे बनत नव्हते. त्यामुळे शस्त्राचा प्रकारच तपासाला परदेशाची दिशा दाखवीत होता. लंडनच्या इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याने पेटीच्या खोट्या तळातून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस आणल्याचे पुढे उघड झाले आणि सावरकरांविरुद्धच्या खटल्यात तो सरकार पक्षाचा एक महत्त्वाचा दुवा ठरला. त्या घटनेकडे कोण कोणत्या दृष्टीने पाहतो हा प्रश्न निराळा. पुराव्याच्या दृष्टीने धडा इतकाच की, ज्या वस्तूचा पुरवठा थोडा आणि मार्ग मोजके, तिची ओळख पटणे म्हणजे जवळजवळ मार्गाची ओळख पटणे होय.

दुसरे उदाहरण ३० जानेवारी १९४८ चे. महात्मा गांधींची हत्या ज्या पिस्तुलाने झाली ते इटलीतील बेरेट्टा कारखान्याचे १९३४ च्या नमुन्याचे, ९ मिलिमीटर कोर्तो मापाचे, ६०६८२४ क्रमांकाचे पिस्तूल होते. हा नमुना दहा लाखांच्या घरात बनला. तथापि त्याचे उपप्रकार ओळखण्याच्या खुणा त्याच्या अंगावरच असतात. युद्धकाळातील पिस्तुलांच्या स्लाइडवर ख्रिस्ती सालाशेजारी रोमन आकड्यांत फॅसिस्ट राजवटीचे वर्ष असते. भूदलाच्या पिस्तुलावर एक अक्षरचिन्ह, नौदलाच्या वा वायुदलाच्या पिस्तुलावर दुसरे, पोलिसांच्या पिस्तुलावर तिसरे असते. रुमानियाला विकलेल्या पिस्तुलांवर ‘कोर्तो’ऐवजी ‘स्कुर्त’ हा रुमानियन शब्द कोरलेला आढळतो. बाहेरून अगदी तसेच दिसणारे १९३५ च्या नमुन्याचे पिस्तूल ७.६५ मिलिमीटरचे आहे. जाणकार माणूस या खुणांवरून शस्त्राचा जन्मकाळ आणि पहिला मालक कोणते खाते होते हे सांगू शकतो.

दिल्लीच्या खटल्यात घटनास्थळीच मिळालेल्या या पिस्तुलाशी गोळ्यांचा व पुंगळ्यांचा संबंध जोडण्याचे काम पंजाबातील फिल्लौर येथील पोलीस प्रयोगशाळेने केले. क्रमांक नोंदलेला होता, नमुना स्पष्ट होता, मारेकरी जागीच पकडला गेला होता. त्यामुळे ‘कोणी मारले’ याबद्दल शंका उरली नाही. परंतु ‘शस्त्र कसे आले’ या प्रश्नाची साखळी ग्वाल्हेरपर्यंत जाऊन तेथेच तुटली. २८ जानेवारीला ग्वाल्हेर येथे ते मिळवल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते. त्या बाबतीत ज्यांना कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवले होते ते डॉ. दत्तात्रय परचुरे १९४९ साली उच्च न्यायालयात निर्दोष सुटले आणि आरोपपत्रातील तीन इसम फरारीच राहिले. इटलीच्या कारखान्यातून निघालेले हे शस्त्र ग्वाल्हेरला पोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून गेले, याविषयी नंतर पुष्कळ लिहिले गेले. न्यायालयात सिद्ध झालेले मात्र थोडेच. या अर्धवट साखळीची किंमत सत्तर वर्षांनंतरही मोजावी लागली. चौथी गोळी व दुसरे पिस्तूल होते असा दावा करणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने ज्येष्ठ विधिज्ञाची नेमणूक करून कागदपत्रे तपासून घेतली आणि मार्च २०१८ मध्ये अर्ज फेटाळला. मूळ नोंदींतच शस्त्राचा क्रमांक नसता, तर हा वाद निकालात काढणे किती कठीण झाले असते याची कल्पना करता येते.

चार हत्या आणि परस्परविरोधी अभिप्राय

तिसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूर येथे गौरी लंकेश यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. चारही प्रकरणांत ७.६५ मिलिमीटर मापाच्या देशी पिस्तुलांचा उल्लेख आला. येथे ना कारखान्याचे नाव होते, ना क्रमांक. उरल्या होत्या त्या फक्त गोळ्या आणि पुंगळ्या, आणि त्यांच्यावरील ओरखडे.

दाभोलकर प्रकरणात प्रारंभी शस्त्रविक्रीशी संबंधित दोघांना अटक झाली. त्यांच्याकडून मिळालेल्या पिस्तुलाशी गोळ्या जुळतात असा प्रयोगशाळेचा अभिप्राय असल्याचे सांगण्यात आले. पुढे मुदतीत आरोपपत्र दाखल झाले नाही, ते जामिनावर सुटले आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेल्यानंतर त्याची दिशाच बदलली. कोणत्या हत्येत कोणते पिस्तूल वापरले गेले याविषयी मुंबई व बंगळूर येथील प्रयोगशाळांच्या अभिप्रायांत तफावत आढळली. मग स्कॉटलंड यार्डचे मत घेण्याचा घाट घातला गेला. तो साधला नाही, तेव्हा गुजरातच्या प्रयोगशाळेकडे धाव घ्यावी लागली. या खटपटीत वर्षे गेली.

प्रकरणाला गती आली ती पालघर जिल्ह्यातूनच. ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपारा येथे दहशतवादविरोधी पथकाने छापा घालून स्फोटके पकडली आणि त्यानंतरच्या अटकांतून दाभोलकर हत्येचे धागे हाती आले. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या म्हणण्यानुसार पिस्तुलांचे भाग सुटे करून ते ठाण्याच्या खाडीत फेकण्यात आले होते. परदेशी पाणबुड्यांच्या साहाय्याने खाडीचा तळ शोधून मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल बाहेर काढल्याचे जाहीर झाले. खाऱ्या पाण्यात दीड वर्ष पडलेल्या लोखंडावर ओरखडे किती शिल्लक राहणार, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. जी शिक्षा झाली तिचा भार मुख्यतः प्रत्यक्षदर्शींच्या साक्षींनी वाहिला. जवळजवळ दहा वर्षे आणि नऊ महिने लोटले, तरी पिस्तूल स्वतः फारसे बोलू शकले नाही.

खोट्या शिक्क्याचे अर्थशास्त्र

देशी पिस्तूल इतके का फोफावले, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकाइतकेच बाजारात शोधावे लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्राची आयात जवळजवळ बंद झाली. परवानाधारकाला एक तर सरकारी कारखान्याचे .३२ मापाचे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर घ्यावे लागे, नाही तर बंदीपूर्वी देशात आलेले जुने परदेशी शस्त्र दुसऱ्याकडून विकत घ्यावे लागे. साठा ठरलेला, मागणी वाढती. साहजिकच जुन्या परदेशी पिस्तुलांचे भाव मूळ किमतीच्या अनेक पटींनी चढले. मोटार जुनी होते तशी स्वस्त होते. आपल्याकडचे पिस्तूल जुने होते तसे महाग होत गेले.

जेथे खरी वस्तू दुर्मिळ व महाग असते तेथे नकली वस्तूचा धंदा उभा राहतो. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर, बडवानी या जिल्ह्यांतील काही गावांत लोहारकामाच्या परंपरेतून पिस्तुले घडवली जातात आणि जळगाव जिल्ह्याच्या वाटेने ती महाराष्ट्रात उतरतात, हे आता गुपित राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी बडवानी जिल्ह्यातील उमरटी येथे जाऊन अशा भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. या पिस्तुलांच्या स्लाइडवर पुष्कळदा ‘मेड इन यू.एस.ए.’ किंवा ‘मेड इन इटली’ असा शिक्का मारलेला असतो, कधी सैन्याचा उल्लेखही असतो. स्पेलिंग चुकलेले असते, अक्षरे वाकडी असतात. पण ग्राहकाला खरे-खोटे पारखण्याचे साधन नसते आणि चोरट्या बाजारात तक्रार करण्याची सोयही नसते.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला मालाची खरी माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते तेव्हा निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हाकलून देतो. चोरट्या पिस्तुलांच्या बाजाराला हा सिद्धांत चपखल लागू पडतो. पण येथे आणखी एक गोष्ट घडते. खोटा शिक्का विक्रेत्याला हवा असतो, कारण त्याने भाव वाढतो. ‘विदेशी बनावटीचे पिस्तूल’ ही नोंद पकडणाऱ्याच्या कामगिरीचे वजन वाढवते. तोच शब्द बातमीला मोठा मथळा देतो. खोटे नाव टिकून राहण्यात इतक्या जणांचे हित गुंतलेले असते. त्याचे नुकसान होते ते केवळ न्यायालयात, आणि तेही फार उशिरा. कारण प्रयोगशाळा ते देशी असल्याचे सांगते, पंचनामा विदेशी म्हणतो, आणि बचावाचा वकील न्याय्यपणे विचारतो : ज्या शस्त्राची तपासणी झाली ते माझ्या अशिलाकडून जप्त केलेलेच शस्त्र होते, हे कशावरून?

डहाणू–तलासरीच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हे तालुके प्रामुख्याने आदिवासींचे आहेत. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले, ही स्मृती येथे अद्याप जिवंत आहे. शासनाची बंदूक आणि शासनाचा कागद या दोहोंविषयी येथील माणसाच्या मनात असलेला संकोच एका दिवसात जात नाही. रोजगारासाठी मालवाहू गाड्यांवर जाणारा येथील तरुण नाकाबंदीत सापडला तर त्याच्या जामिनाचे, बचावाचे आणि पुढच्या सर्व वर्षांचे भवितव्य त्या पंचनाम्यातील चार ओळींवर ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र बनवणे व विकणे यासाठीची किमान शिक्षा सात वर्षे व कमाल जन्मठेप केली आहे. शिक्षा जितकी कठोर, तितकी पुराव्याची काटेकोरपणाची जबाबदारी मोठी. वाहणारा पकडला जातो आणि पुरवणारा अज्ञात राहतो, असा क्रम वर्षानुवर्षे चालत राहिला तर त्या कठोर शिक्षेचा अर्थ केवळ गरिबाला कठोर शिक्षा एवढाच उरेल.

शास्त्राची शक्ती आणि मर्यादा

देशी पिस्तुलाला क्रमांकच नसतो, मग ओळखायचे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो, पण अर्धाच खरा आहे. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीत आतून पिळदार खोबणी असतात. त्यांची संख्या, रुंदी आणि पिळाची दिशा यांवरून नमुना ओळखता येतो. याखेरीज प्रत्येक नळीचे, टोच्याचे आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याचे स्वतःचे सूक्ष्म ओरखडे असतात. देशी पिस्तुलात पहिल्या जातीच्या खुणा अनियमित असतात वा नसतातही. परंतु ते हाताने, कानशीने घडवलेले असल्यामुळे दुसऱ्या जातीच्या खुणा ठळक असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालच्या कलुआ खटल्यात देशी पिस्तूल व पुंगळी यांच्या मेळावर विसंबून शिक्षा कायम केली होती. ज्या पिस्तुलावरचा क्रमांक घासून काढलेला असतो, त्याचाही क्रमांक रासायनिक प्रक्रियेने अनेकदा पुन्हा वाचता येतो, कारण शिक्क्याच्या आघाताने धातूची खालची रचनाही बदललेली असते. १९५९ च्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार असा क्रमांक पुसणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

मात्र प्रयोगशाळेचा कागद म्हणजे वेदवाक्य नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. अमेरिकेत कॅल्विन गोडार्ड यांनी १९२० च्या दशकात तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाचा वापर रूढ केला. सॅको व व्हान्झेटी या गाजलेल्या खटल्यात .३२ मापाच्या कोल्ट पिस्तुलाची त्यांनी केलेली तपासणी त्या दोघांना १९२७ साली देहदंड होण्यापूर्वीची एक निर्णायक पायरी होती, आणि त्या प्रकरणाविषयीचा वाद आजही शमलेला नाही. त्याच अमेरिकेत राष्ट्रीय संशोधन मंडळाने २००९ साली आणि राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ साली अशी टीका केली की, ओरखडे ‘जुळतात’ हे तज्ज्ञाच्या नजरेवर फार अवलंबून आहे आणि चुकीचे प्रमाण पुरेसे मोजले गेलेले नाही. आपल्याकडे दोन प्रयोगशाळांचे अभिप्राय परस्परविरोधी येतात, यात म्हणून आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते याचे की, अशी तफावत आल्यावर ती कोणत्या पद्धतीने सोडवावी याचा पक्का नियम आपण अजून घालून घेतलेला नाही.

काय करता येईल?

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. पहिली गोष्ट म्हणजे ठाण्यात शस्त्राला नाव देण्याची घाई सोडावी आणि केवळ वर्णन करावे. ‘विदेशी बनावटीचे ९ एम.एम. पिस्तूल’ असे न लिहिता, स्लाइडच्या डाव्या व उजव्या बाजूला जी अक्षरे आहेत ती चुकांसह जशीच्या तशी उतरवावीत. सांगाडा, स्लाइड आणि नळी यांवरचे क्रमांक स्वतंत्रपणे लिहावेत, कारण वापरलेल्या पिस्तुलात हे तीन भाग तीन वेगळ्या शस्त्रांचे असू शकतात. काडतुसाच्या बुडावरची अक्षरे नोंदवावीत. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. त्यासाठी छापील तक्ता असावा आणि पालघरच्या पोलीस मुख्यालयातील शस्त्रकारागिराने तो ठरावीक दिवसांत तपासावा. नाव देण्याचे काम त्यानंतर प्रयोगशाळेचे.

दुसरी गोष्ट कालमर्यादेची. तलासरीचा मुद्देमाल शंभराहून अधिक किलोमीटरवरील मुंबईच्या कलिना येथील प्रयोगशाळेकडे जातो, तेथे राज्यातील इतर प्रकरणांच्या रांगेत थांबतो आणि मग परततो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. मात्र राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. जप्ती व झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याची तरतूदही तिच्यात आहे. कायदा पुढे गेला आहे. तज्ज्ञांची पदे, वाहने आणि उपकरणे त्याच्यामागून गेली नाहीत तर तो कागदावरच राहील. ही मुदत संपण्याची वाट न पाहता हद्दीवरच्या तालुक्यांना अग्रक्रम देणे शहाणपणाचे ठरेल.

तिसरी गोष्ट संग्रहाची. राज्यात पकडल्या जाणाऱ्या प्रत्येक देशी पिस्तुलातून चाचणीसाठी झाडलेल्या गोळ्या व पुंगळ्या जपून ठेवल्या आणि शेजारच्या मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक या राज्यांच्या प्रयोगशाळांशी त्यांची देवघेव केली तर एकाच भट्टीत, एकाच हत्याराने घडवलेली पिस्तुले एकत्र ओळखता येतील. तेव्हा तलासरीत सापडलेल्या शस्त्राचे नाते शेकडो किलोमीटरवरील भट्टीशी जोडता येईल आणि तपास वाहणाऱ्याकडून पुरवणाऱ्याकडे सरकेल. परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीसंचात प्रत्येक परवानाधारकाला एकमेव क्रमांक देण्याची व्यवस्था झालेली आहे. त्यात मापांची नावे एकाच पद्धतीने लिहिण्याचा नियम केला तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

यावर कोणी म्हणेल की, शाळा, पाणी आणि कुपोषण यांचे प्रश्न ज्या तालुक्यांपुढे उभे आहेत तेथे पिस्तुलाच्या ओळखीची चर्चा ही चैन आहे. हे म्हणणे मान्य करता येत नाही. नोंद नीट असली की काय होते, ते याच लोहमार्गावर दिसून आले. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर–मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने चौघांना गोळ्या घातल्या. ते शस्त्र सरकारी होते आणि ते कोणाला दिले याची नोंद होती. त्यामुळे शस्त्र कोणाचे हा प्रश्न एक दिवसही अनुत्तरित राहिला नाही. जेथे नोंद असते तेथे प्रश्न तासांत सुटतो, जेथे नसते तेथे दशकातही सुटत नाही.

नोंदी ठेवणे हे आपल्या समाजात दुय्यम काम मानले जाते. तपास करणाऱ्याला पदक मिळते, मुद्देमालाची वही लिहिणाऱ्याची कोणी दखल घेत नाही. परंतु नाशिकपासून दिल्लीपर्यंत आणि पुण्यापासून ठाण्याच्या खाडीपर्यंतचा इतिहास हेच सांगतो की, न्यायालयात शेवटी पोचते ती त्या वहीतील ओळ. अच्छाडच्या नाक्यावर पकडलेल्या पिस्तुलाविषयी तलासरीच्या ठाण्यात आज रात्री जे लिहिले जाईल, ते आठ-दहा वर्षांनी न्यायाधीशासमोर वाचले जाणार आहे. ते अचूक असावे एवढी मागणी आरोपी आणि फिर्यादी या दोघांच्याही वतीने करता येते, आणि तीच सर्वांत आधी मान्य झाली पाहिजे.